कलम, तारीख आणि पोच: इप्सियाच्या नमुना पत्रांविषयी

माझे वडील जिल्हा परिषदेत आवक-जावक लिपिक होते. त्यांनी आम्हा भावंडांना उपदेश फार थोडे केले. त्यांतला एक असा की, अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. इंग्लंडमध्ये येऊन अकरा वर्षे झाल्यावर, मुलाच्या शाळेतल्या मदतीसाठी काउन्सिलशी, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाशी, पत्रव्यवहार करण्याची वेळ आली, तेव्हा हा उपदेश मला जसाच्या तसा उपयोगी पडला. मात्र पत्रात काय लिहावे, याबाबत शाळेत आणि घरी शिकलेले बरेचसे मला विसरावे लागले. ते विसरायला ज्या सेवेने मदत केली, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

ही सेवा म्हणजे ‘इंडिपेंडंट प्रोव्हायडर ऑफ स्पेशल एज्युकेशन अ‍ॅडव्हाइस’ या धर्मादाय संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली नमुना पत्रे. संस्थेला सगळे ‘इप्सिया’ म्हणतात. ती १९८३पासून विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना कायद्याचा सल्ला देते, आणि पत्रांच्या मसुद्यांसाठी एक पैसाही घेत नाही. मुलाच्या गरजांच्या मूल्यमापनाची मागणी करणे, काउन्सिलने मुदत चुकवल्यावर जाब विचारणे, मंजूर झालेली मदत प्रत्यक्षात मिळत नसल्याची तक्रार करणे अशा निरनिराळ्या टप्प्यांसाठी वेगवेगळे मसुदे आहेत. ते उतरवून घ्यायचे, कंसांतल्या रिकाम्या जागा भरायच्या आणि पाठवायचे. एक गोष्ट आधीच सांगते: हे सारे इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेले आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे वेगळे आहेत, त्यामुळे ग्लासगो किंवा कार्डिफमधल्या मराठी कुटुंबाने हे मसुदे वापरू नयेत.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि इथल्या तिसऱ्या इयत्तेत होता. त्याला गणितात फारशी अडचण नव्हती, पण बाईंनी एका दमात तीन सूचना दिल्या की तो पहिली पाळून थांबायचा आणि शेजारच्या मुलाकडे बघायचा. शाळेतील विशेष गरजांच्या समन्वयक, ज्यांना इथे ‘सेन्को’ म्हणतात, त्या स्वभावाने चांगल्या होत्या, पण त्यांचे म्हणणे असे की घरी दोन भाषा बोलल्या जात असल्याने मूल मागे पडते, आणखी दोन सत्रे वाट पाहू. आम्हीही काही महिने त्यावर विश्वास ठेवला आणि घरी मराठी कमी केली, याचे मला आजही वाईट वाटते. २०१४च्या ‘चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट’च्या विसाव्या कलमात असे म्हटले आहे खरे की, घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्यात अडचण आहे असे मानता येत नाही. पण त्यातला ‘एवढ्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घरी मराठी बोलली जाते म्हणून खरी अडचण नाहीशी होत नाही. भाषाविकासाची मूळ अडचण असेल, तर ती मूल बोलते त्या प्रत्येक भाषेत दिसते.

ती मराठीत दिसत होतीच, आणि सर्वांत आधी ती माझ्या आईला दिसली. व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलताना तो म्हणायचा, “आजी, ते बंद कर ना, ते… वर… गोल गोल.” पंखा हा शब्द त्याने शेकडो वेळा ऐकला होता आणि स्वतः वापरलाही होता, पण हवा तेव्हा तो त्याला सापडायचा नाही. आईने दोनदा ऐकून घेतले आणि तिसऱ्यांदा मला बाजूला बोलावून सांगितले की हे लाडाचे बोलणे नव्हे.

त्यानंतर मी पहिले पत्र लिहिले, आणि ते सपशेल चुकले. दहावीच्या परीक्षेत औपचारिक पत्राला पूर्ण गुण मिळवलेल्या माणसाचे ते पत्र होते. अडीच पानांत मी शाळेचे आभार मानले, शिक्षकांवरचा कामाचा ताण आपल्याला कळतो असे म्हटले, मुलाच्या अडचणींचे वर्णन शक्य तितके सौम्य केले आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’ या वाक्याचे जमेल तसे इंग्रजी केले. ते मुख्याध्यापकांना पाठवले. चार दिवसांत अतिशय प्रेमळ उत्तर आले आणि पुढे काहीही झाले नाही. होणार तरी काय? मी काही मागितलेच नव्हते, आणि जे मनात होते ते देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नव्हता. इथे ‘ईएचसी प्लॅन’, म्हणजे मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि संगोपनविषयक गरजांची कायद्याने बंधनकारक योजना, हवी असेल तर तिच्यासाठीचे मूल्यमापन स्थानिक काउन्सिल करते, आणि त्याची मागणी पालक स्वतः थेट करू शकतात. शाळेची परवानगी लागत नाही. हे मला त्या नमुना पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचून समजले.

त्या मसुद्याची रचना पाहून वडिलांची आठवण झाली. आपल्याकडे सरकारी पत्रात ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ असतो. संदर्भात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक घातला की पत्र फायलीत बसते आणि ते कोणाला नाकारता येत नाही. या मसुद्यात संदर्भाच्या जागी कायदाच आहे. पत्र सुरुवातीलाच सांगते की ही मागणी २०१४च्या कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाखाली केली जात आहे. मग मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत असे पालक का मानतात. आणि शेवटी, सहा आठवड्यांच्या आत निर्णय कळवणे काउन्सिलवर बंधनकारक आहे याची आठवण. ‘कृपया’ नाही, ‘नम्र’ नाही, उद्धटपणाही नाही. प्रथम वाचताना ते मला रुक्ष वाटले होते. नंतर लक्षात आले की ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हे पत्र जाणार, त्याला माझ्या नम्रतेचे करायचे काय हे ठाऊक नसते. मागणीची तारीख टिपून घेणे मात्र त्याला भाग असते.

कायद्याची कसोटीही आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ सैल आहे. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतील, आणि त्या भागवण्यासाठी योजनेची आवश्यकता असू शकेल, एवढे दिसले की मूल्यमापन करावेच लागते. यात दोनदा आलेल्या ‘असू शकेल’वर सगळा भार आहे. मूल इतकी वर्षे मागे असले पाहिजे, शाळेने आधी सहा हजार पौंड खर्च केल्याचे दाखवले पाहिजे, किंवा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडलाच पाहिजे, या अटी पालकांना तोंडी सर्रास सांगितल्या जातात. कायद्यात त्यांतली एकही नाही.

मसुद्याची खरी परीक्षा मात्र मधल्या रिकाम्या जागेत असते. तिथे ‘तुमची कारणे लिहा’ एवढीच सूचना असते, आणि मसुदा तिथे तुमची साथ सोडतो. याला मी उणीव म्हणणार नाही, कारण माझ्या मुलाला न पाहिलेला माणूस ते लिहूच शकत नाही. पण पालकांची सर्वाधिक फसगत तिथे होते. मी त्या जागेवर चार संध्याकाळी घालवल्या. पहिल्या संध्याकाळी मी लिहिले की ‘त्याला सूचना समजण्यात अडचण येते’. हे वाक्य कोणत्याही मुलाबद्दल खरे ठरेल. चौथ्या संध्याकाळी त्याच्या जागी जे आले ते असे: ‘बूट घाल, डबा पिशवीत ठेव आणि दाराशी ये, असे एका वेळी सांगितल्यास तो बूट घालतो आणि जिन्यावर बसून राहतो. हे आठवड्यातून चार ते पाच वेळा घडते. एकेक सूचना वेगळी दिल्यास तो तिन्ही पाळतो.’ पंख्याचा प्रसंगही मी घातला. मूळ मराठी वाक्य रोमन लिपीत देऊन त्याचा अर्थ लिहिला आणि शेवटी नोंदवले की ही अडचण त्याच्या मातृभाषेत आहे, त्यामुळे ती इंग्रजी नवी असल्याने आली असे म्हणता येणार नाही. पुढे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ बाईंनी आपल्या अहवालात नेमका हाच परिच्छेद उद्धृत केला. इथल्या मराठी पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मुलाच्या मराठीत जे दिसते ते पत्रातून गाळू नका. तो तुमचा पुरावा आहे आणि तो दुसऱ्या कोणाकडेही नाही.

आणखी एक वाक्य मी स्वतःहून जोडले. मूल्यमापन करताना काउन्सिलने शाळा, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ, आरोग्य आणि समाजसेवा विभाग यांचे मत घ्यायचे असतेच. शिवाय पालकांनी रास्तपणे सुचवलेल्या व्यक्तीचे मतही घ्यावे लागते. म्हणून उपचारतज्ज्ञाचे मत घ्यावे, अशी मागणी पहिल्याच पत्रात नोंदवली. नंतर सांगितले असते तर ‘आता उशीर झाला’ हे उत्तर ठरलेले होते.

पत्र १४ जानेवारीला ई-मेलने पाठवले. ई-मेलला खिडकी नसते आणि शिक्काही नसतो, म्हणून शेवटच्या ओळीत लिहिले की हे पत्र मिळाल्याचे तारखेसह कळवावे. तीन दिवस काही न आल्यावर तेच पत्र पुन्हा पाठवले आणि मूळ ई-मेल खाली ठेवली. पोच आली. सहा आठवडे २५ फेब्रुवारीला भरत होते. नकाराचे पत्र २४ तारखेचे होते. काउन्सिलचे नाव मी लिहीत नाही, कारण असे अनुभव अनेक ठिकाणचे पालक सांगतात. नकाराचे कारण दिले होते की मुलाची ‘पुरेशी प्रगती’ होत आहे आणि शाळा आपल्या साधनांतून गरजा भागवू शकते. छत्तिसाव्या कलमाच्या कसोटीचा त्यात उल्लेखही नव्हता.

पूर्वीची मी तिथे थांबले असते. नकाराच्या पत्रात अपिलाचा हक्क सांगावाच लागतो, आणि तो सांगितलेला होता: निर्णयाच्या तारखेपासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचे प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिना, यांतले जे नंतर येईल ते. मध्यस्थी करायलाच हवी असे नसते. मध्यस्थी सल्लागाराशी बोलून प्रमाणपत्र मात्र घ्यावे लागते. मी ते घेतले आणि विशेष शैक्षणिक गरजांच्या न्यायाधिकरणाकडे अपील दाखल केले. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात न्यायाधिकरणाने निकाल दिलेल्या विशेष शैक्षणिक गरजांच्या अपिलांपैकी ९८ टक्के निकाल पालकांच्या बाजूने लागले होते. हा आकडा काउन्सिलच्या वकिलांनाही माहीत असतो. आमच्या प्रकरणात सुनावणीची वेळच आली नाही. जूनमध्ये काउन्सिलने मूल्यमापन करण्याचे मान्य केले.

इथपर्यंत मी इप्सियाच्या मसुद्यांना पूर्ण गुण देईन. त्यांची खरी किंमत मात्र मला योजनेचा कच्चा मसुदा हातात आल्यावर कळली, कारण तोवर त्यांची भाषा माझ्या कानात बसली होती. योजनेत ‘ए’पासून ‘के’पर्यंत विभाग असतात. त्यांतला ‘बी’ गरजांचा, ‘एफ’ त्या भागवण्यासाठी द्यायच्या मदतीचा आणि ‘आय’ शाळेचा. ‘एफ’मध्ये जे लिहिले जाते ते देणे बेचाळिसाव्या कलमाने काउन्सिलला बंधनकारक होते, त्यामुळे तिथे कमीत कमी बांधले जाईल असे लिहिण्याकडे कल असतो. आमच्या मसुद्यात ‘आवश्यकतेनुसार वाचा-भाषा उपचाराची उपलब्धता’, ‘छोट्या गटात काम करण्याच्या संधी’ आणि ‘नियमित आढावा’ असे शब्द होते. ‘यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य वाचत मोठ्या झालेल्या माणसाला यांचा अर्थ सांगावा लागत नाही. उत्तर देण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. इप्सियाच्या मार्गदर्शनातला धागा धरून मी प्रत्येक वाक्यापुढे चार प्रश्न लिहिले: कोण देणार, किती वेळ, किती वेळा, आणि देणाऱ्याचे प्रशिक्षण काय? मग ‘आवश्यकतेनुसार’च्या जागी ‘दर आठवड्याला ४५ मिनिटे, उपचारतज्ज्ञाने स्वतः, एकट्या मुलासोबत, शाळेच्या सत्रातील प्रत्येक आठवड्यात’ असे सुचवले आणि प्रत्येक बदलासमोर अहवालातल्या परिच्छेदाचा क्रमांक दिला. उपचारतज्ज्ञ बाईंच्या अहवालात आठवड्याला एकदा एवढेच होते, मिनिटे नव्हती. त्यांना विचारून ती लेखी मिळवली. काउन्सिलने ४५ची ३० केली. मी ती मान्य केली.

अंतिम योजना नोव्हेंबरात आली. मागणीपासून वीस आठवडे ही कायद्याची मुदत आहे. म्हणजे मूळ मागणी मान्य झाली असती तर योजना ३ जूनपर्यंत मिळायला हवी होती.

पुढच्या सत्रात उपचाराचे पहिले सहा आठवडे कोरडे गेले. शाळेचे म्हणणे, तज्ज्ञ मिळत नाही. इथे मी पुन्हा नमुना पत्राकडे गेले, आणि हे पत्र मला सर्वांत आवडले. ते शाळेला नसून काउन्सिलला असते, कारण बेचाळिसाव्या कलमाची जबाबदारी काउन्सिलची आहे आणि माणूस मिळत नाही ही सबब तिथे चालत नाही. योजनेतली ओळ जशीच्या तशी लिहायची, कोणत्या तारखांना मदत मिळाली नाही ते लिहायचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवे ते सांगायचे. माझे पत्र जेमतेम पाऊण पानाचे झाले. बारा दिवसांत खासगी उपचारतज्ज्ञ नेमल्याचे कळवण्यात आले. सहानुभूतीची अडीच पाने आणि तारखांचे पाऊण पान यांतला फरक माझ्यापुरता तिथे सिद्ध झाला.

आता काही सावधगिरीचे बोलणे. हे मसुदे काउन्सिलसाठी आहेत. तोच स्वर वर्गशिक्षिकेशी वापरू नये. ज्या बाईंच्या हाती आपले मूल रोज सहा तास असते, त्यांना कलमे ऐकवून काही साधत नाही. मागणीचे पत्र पाठवले त्याच दिवशी मी त्यांना स्वतंत्र चिठ्ठी लिहिली, आपल्याविरुद्ध काही लिहिलेले नाही असे कळवले आणि त्यांची निरीक्षणे मागितली. त्यांनी जे दोन परिच्छेद दिले ते अपिलात फार कामी आले. तिथे मात्र आपली ‘नम्र विनंती’ चालते आणि शोभतेही.

दुसरे, मसुदा मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी भरलेले पत्र ‘हे चालतं’ म्हणून पुढे पाठवले होते, आणि पुढे एका घरच्या पत्रात शेवटपर्यंत दुसऱ्याच मुलाची जन्मतारीख राहिली. मीही एका पत्रात चौकटी कंसातले ‘मुलाचे नाव येथे लिहा’ तसेच ठेवून पाठवले होते, तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.

तिसरे, आपल्या लोकांत ही भीती मी वारंवार ऐकते की, नोकरीच्या व्हिसावर असताना अशी मदत मागितली तर ‘पब्लिक फंड्स’ची, म्हणजे ठरावीक यादीतली सरकारी मदत न घेण्याची, व्हिसाची अट मोडेल. सरकारी शाळेतले शिक्षण त्या यादीत येत नाही, त्यामुळे ईएचसी प्लॅन मागण्याने ती अट मोडत नाही. मुलांसाठीचा अपंगत्व भत्ता मात्र त्या यादीत येतो. दोन्हींची गल्लत करू नये.

मसुद्यांची भाषा कायद्याची इंग्रजी आहे आणि ती ज्यांना जड जाते त्यांना कोणाची तरी सोबत लागेल. प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीत पालकांना मोफत माहिती आणि आधार देणारी सेवा असते, तिला ‘सेंडियास’ म्हणतात. भरलेले पत्र त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यावे. पाचपैकी साडेचार गुण मी देते. अर्धा गुण कापला तो यासाठी की, त्या रिकाम्या जागेत चांगले भरलेले एखादे उदाहरण शेजारी असते तर माझ्या चार संध्याकाळींच्या दोन झाल्या असत्या.

मुलगा आता पाचवीत आहे. माध्यमिक शाळेत जाण्याच्या वर्षी योजनेतली शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत ठरवून अंतिम करावी लागते, त्यामुळे पुढचे पत्र आत्ताच उघडून ठेवले आहे. संदर्भाची ओळ भरली आहे. कारणांची जागा अजून रिकामी आहे, आणि या वेळी तिथे काय लिहायचे हे त्यालाही विचारायचे ठरवले आहे.